पोरी कशा पडतात, ते आधी पाहिलं : अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या कबड्डी मैदानाचं प्रकरण

२०२३ चा जुलै. चार दिवसांपासून झड लागली होती आणि शाळेच्या मैदानातली काळी माती पाय ठेवला की घोट्यापर्यंत ओढून घेत होती. तालुका स्पर्धा दहा दिवसांवर आलेली. मी मुलींचा कबड्डीचा सराव शेजारच्या काँक्रीटच्या कोर्टवर हलवला. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी आठवीतली एक मुलगी चढाईला गेली, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला आणि ती मागच्या मागे गेली. आधी हात टेकला, मग डोकं. मनगटाचं हाड मोडलं. धुळ्याला नेऊन डोक्याचं सीटी स्कॅन केलं, ते सुदैवानं स्वच्छ निघालं. सहा आठवडे प्लॅस्टर राहिलं.

सराव तिथे घ्यायचा निर्णय माझा होता. पकड अगदी बरोबर होती, मीच शिकवलेली. धरणारीचं काही चुकलं नव्हतं, पडणारीचंही नाही. चुकीची होती ती त्यांच्या पायाखालची जमीन. ती कशी बदलायची हे ठरवण्यात आमचं पुढचं वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मला जे कळलं ते वीस वर्षं शिट्टी गळ्यात घालूनही कळलं नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

शाळा तापीकडच्या पट्ट्यातली. काँक्रीटचं कोर्ट २८ बाय १५ मीटरचं, म्हणजे बास्केटबॉलच्या मापाचं. काही वर्षांपूर्वी ‘बहुउद्देशीय’ म्हणून बांधलेलं. बास्केटबॉल खेळणारी मुलं आमच्याकडे थोडी, व्हॉलीबॉल रोज चालतो, आणि जीव लावून खेळतात ती कबड्डी नि खो-खो. मुलींचा कबड्डी संघ दरवर्षी तालुक्यात पहिल्या दोनांत असतो.

अपघातानंतर शाळा समितीची बैठक झाली. पुण्या-सुरतेत नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी फोनवर फोन करून पैसे जमवायला सुरुवात केली होती. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, त्यांनी एका वाक्यात विषय संपवला : “सर, चांगलं रबर टाकी द्या. पैसास्नं आम्ही देखसूत.”

त्यांची तळमळ खरी होती. पण ‘चांगलं रबर’ म्हणजे काय, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

अंड्याचा प्रयोग

पंधरा दिवसांत एक विक्रेता आला. त्यानं पिशवीतून रबराचा एक तुकडा काढला, टेबलाखाली फरशीवर ठेवला, खांद्याच्या उंचीवरून त्यावर अंडं सोडलं. अंडं उसळलं, फुटलं नाही. बैठकीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, झालं ना काम, अशा नजरेनं.

मी तो तुकडा हातात घेतला आणि पट्टी लावली. जाडी ५० मिलिमीटर. मग दरपत्रक उघडलं. त्यात लिहिलेली जाडी १३ मिलिमीटर. मी विचारलं, “भाऊ, तेरा मिलिमीटरचा तुकडा आहे का?” होता, रंग दाखवायचा छोटा नमुना. त्यावर दुसरं अंडं सोडलं. ते फुटलं.

त्या विक्रेत्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. १३ मिलिमीटर ही जाडी धावपट्टीसाठी वापरतात आणि तिथे ती योग्यच असते. पण धावपट्टीवर धक्का पायाला बसतो. पायाला टाच आहे, घोटा आहे, गुडघा आहे, खुबा आहे. उडी मारून खाली येताना माणूस हे सगळं वाकवून धक्का हळूहळू जिरवतो. डोक्याला वाकवायला काही नाही. ते आपटतं तेव्हा थांबायला जेवढं अंतर मिळतं, ते खालच्या पृष्ठभागानंच द्यावं लागतं.

हिशोब सोपा आहे आणि नववीच्या मुलांना मी तो आता शिकवतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. येईल तो आकडा म्हणजे थांबताना सरासरी आपल्या वजनाच्या किती पट जोर बसला ते. मुलीचं डोकं साधारण १२०० मिलिमीटर उंचीवरून येतं, जमिनीला भिडताना त्याचा वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास असतो. काँक्रीट स्वतः काहीच दबत नाही, जे काही दोन-तीन मिलिमीटर मिळतात ते डोक्याच्या कातडीचे. १२०० भागिले ३ म्हणजे ४०० पट. तेच अंतर २० मिलिमीटर मिळालं तर ६० पट. बागेतल्या घसरगुंड्या-झोपाळ्यांखाली टाकायच्या पृष्ठभागासाठी युरोपात जे मानक आहे, त्यात डोक्याला बसणारा झटका कोणत्याही क्षणी २०० पटींच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणूनच दीड मीटर उंचीच्या खेळण्याखाली रबर साधारण चार-पाच सेंटिमीटर जाड टाकावं लागतं.

खेळाच्या कोर्टसाठी मोजमाप वेगळं. वीस किलोचं वजन ५५ मिलिमीटरवरून एका स्प्रिंगवर सोडतात आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात. आधी काँक्रीटवर, मग नमुन्यावर. काँक्रीटपेक्षा जितके टक्के जोर कमी पोचला, तितकं त्या पृष्ठभागाचं धक्काशोषण. बंदिस्त क्रीडागृहांच्या युरोपीय मानकात, ईएन १४९०४ मध्ये, हे २५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान हवं. जागतिक ॲथलेटिक्स संघटना धावपट्टीसाठी ३५ ते ५० मागते. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच : तुमच्या मालाचं धक्काशोषण किती, आणि तो अहवाल *याच जाडीचा* आहे का? आमच्याकडे चार जण आले. अहवाल दोघांनीच दाखवला, त्यातल्या एकावर जाडी वेगळी होती.

प्रथमोपचाराची वही

मी इथे थांबलो आणि मागे गेलो. माझ्या कपाटात प्रथमोपचाराची वही आहे. कोणाला काय लागलं, काय लावलं, घरी कोणाला कळवलं. तीन वर्षांच्या नोंदी काढून बसलो आणि प्रत्येकीपुढे लिहिलं : कुठे खेळताना, कशानं.

चार तऱ्हेचं लागणं समोर आलं आणि चारही वेगळी निघाली. सर्वांत जास्त नोंदी सोलटण्याच्या, गुडघे आणि कोपर. याला कडकपणा कारण नाही, खरखरीतपणा कारण आहे. खरखरीत रबरावरही माणूस तितकाच सोलटतो. दुसरं, घोटा मुरगळणं. त्यातल्या बहुतेक नोंदी काँक्रीटच्या एका विशिष्ट भेगेपाशी, वायव्य कोपऱ्यातल्या, जिथे एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर वर आली आहे. तिसरं, नडगी दुखणं. हे एका दिवसात होत नाही. व्हॉलीबॉलच्या मुली दिवाळीनंतर रोज दीडशे-दोनशे उड्या मारतात आणि संक्रांतीपर्यंत नडगीला हात लावू देत नाहीत. हा मात्र शुद्ध कडकपणाचा परिणाम. आणि चौथं, पडून आपटणं : मनगट, माकडहाड, डोकं. नोंदी सर्वांत कमी, पण ज्यांच्यासाठी दवाखान्यात धावावं लागलं त्या जवळजवळ सगळ्या यातल्याच.

ही वही वाचेपर्यंत मी ‘मऊ म्हणजे सुरक्षित’ असं धरून चाललो होतो. ते पुरेसं नाही. पाय फार धरून ठेवणारा पृष्ठभाग वेगळ्याच रीतीनं घात करतो. मुलगी धावता धावता दिशा बदलते, शरीर वळतं, पाय खाली चिकटून राहतो आणि मधे सापडतो तो गुडघा. नॉर्वेत हँडबॉल खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम जमिनींवर स्त्री-खेळाडूंच्या गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा जास्त होते हे तर जगभर मान्य आहे. आमचा संघ मुलींचा. मनगट सहा आठवड्यांत जुळतं, पण तो अस्थिबंध तुटला तर गावातल्या मुलीचा खेळ बहुधा तिथेच संपतो. शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. शहरातल्या क्रीडागृहांत लाकडी, खाली पट्ट्यांवर तोललेली जमीन असते. ती उत्तम म्हणून सगळे सांगतात, आणि मोठ्या माणसांसाठी आहेच. पण तिथे पाऊल पडलं की आजूबाजूचा मोठा भाग एकदम लवतो, आणि तो लववायला वजन लागतं. ३५ किलोच्या पोरीचं वजन त्याला पुरत नाही, तिच्यासाठी ती जमीन बरीचशी कडकच राहते. हलक्या मुलांना पाऊल पडेल तेवढंच दबणारा, गादीसारखा पृष्ठभाग जास्त उपयोगी. म्हणजे कोणी कितीही मोठ्या क्रीडागृहाचं उदाहरण दिलं, तरी ते आमच्या हलक्या मुलांना जसंच्या तसं लागू होत नाही.

गोळा, फक्की आणि पायथागोरस

प्रयोगशाळा आमच्याकडे नाही. गोळाफेकीचा चार किलोचा गोळा आहे. गणिताचे सर आणि मी एका शनिवारी दुपारी तो घेऊन बसलो. एक मीटर उंचीवरून सोडायचा, खाली किती रुतला ते पाहायचं. मातीत खड्डा पडतो, तो पट्टीनं मोजता येतो. पण रबर आणि मॅट परत वर येतात, खूण राहत नाही. त्यावर सरांनी तोड काढली : गोळ्याला मैदान आखायची फक्की चोळायची. गोळा जितका खोल रुतेल तितकं पांढरं वर्तुळ मोठं उमटेल.

२५ मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए, म्हणजे स्पंजासारख्या प्लॅस्टिकच्या, मॅटवर ६० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ उमटलं. गोळ्याची त्रिज्या ५०, वर्तुळाची ३०, उरलेली बाजू ४०. म्हणजे गोळा १० मिलिमीटर रुतला. पायथागोरसचं ३-४-५ इतकं देखणं उत्तर देईल असं सरांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी तो प्रश्न तसाच सोमवारी दहावीच्या फळ्यावर घातला. १३ मिलिमीटरच्या रबरावर वर्तुळ ४४ चं आलं, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. काँक्रीटवर गोळा ठण्णकन उडाला आणि टिकलीएवढी खूण राहिली. मैदानातल्या सुकलेल्या काळ्या मातीत जेमतेम ४ मिलिमीटरची खळी पडली. हे पाहून मी चपापलो, कारण मैदानाची माती काँक्रीटपेक्षा कितीतरी मऊ असं आपण सगळेच गृहीत धरतो.

मग आम्ही गावातल्या तालमीत गेलो. वस्तादांनी परवानगी दिली. हौदातली तांबडी माती, तेल-ताक-हळद मुरवलेली, त्याच सकाळी खणलेली. गोळा जवळजवळ अर्धा आत गेला. ४२ मिलिमीटर. वस्ताद म्हणाले, हौद खणायचा एक दिवस चुकवला तरी पाठीला कळतं. ज्या गोष्टीसाठी विक्रेता एवढ्या लांबून रबर घेऊन आला होता, ती गावात पिढ्यान् पिढ्या होती आणि तिची किंमत रोज सकाळची खणणावळ एवढीच होती.

लोखंडाचा गोळा म्हणजे माणसाचं शरीर नव्हे, हे मला कळतं. हे आकडे एकमेकांशी ताडायला, मानकाशी नाही. पण समितीपुढे मी बोलण्याऐवजी गोळा सोडून दाखवला आणि अंड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

खान्देशचं ऊन आणि खालची माती

माहितीपत्रकांत न लिहिलेल्या दोन गोष्टींनी आमचा निर्णय खऱ्या अर्थानं ठरवला.

पहिली, ऊन. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हे सांगायला नको. आमचा एक माजी विद्यार्थी भुसावळला रेल्वेत आहे. गाडी थांबली की चाकांजवळचं तापमान दुरून मोजायचं यंत्र त्यांच्याकडे असतं. तसंच एक तो सुटीच्या दिवशी घेऊन आला. एप्रिलची दुपार, तीन वाजलेले, सावलीत ४२ अंश. काँक्रीट ५६. काळ्या रबराचा तुकडा ६९. हिरवी ईव्हीए मॅट ६४. कोरडी माती ५४, आणि सकाळी पाणी मारलेला मातीचा कोपरा ३९. आमची निम्मी मुलं अनवाणी खेळतात. ६९ अंशांवर तळवा टेकवत नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहानंतर खेळा म्हणावं, तर काळं रबर संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागत होतं.

ईव्हीएचं आणखी एक आहे. ती उन्हात आकसते आणि कडा वर वळतात. मॅटची एक टाइल आम्ही मुद्दाम पंधरा दिवस गच्चीवर ठेवली. शेजारच्या टाइलशी जोडायचे कडेचे दात बसेनात. कोर्टवर अशी फट पडली तर पायाचा अंगठा त्यात अडकणारच. म्हणजे मॅट घ्यायची तर छताखालीच.

एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाइल्सही पाहिल्या. त्या तापल्या की पसरतात. २८ मीटरच्या लांबीत पहाटेचा गारवा आणि दुपारचा तवा यांत दहा सेंटिमीटरच्याही वर फरक पडू शकतो. सांध्यांत ढील ठेवलेली असते म्हणून चालतं; पण कडेला कोणी खिळा ठोकला किंवा खांबाला घट्ट भिडवल्या, की मधे फुगा येतो. शिवाय धक्का त्या फार घेत नाहीत, आणि आमच्याकडच्या धुळीनं खालची जाळी महिन्यात भरेल. व्हॉलीबॉलपुरतं त्या चालतीलही, कबड्डीला नाही.

दुसरी गोष्ट, खालची जमीन. आमची काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काँक्रीट बांधणाऱ्यानं त्या मातीवर थेट थोडी खडी पसरून स्लॅब ओतला होता. वायव्य कोपरा का उचलला गेला, तर तिथेच पाण्याच्या टाकीचं सांडपाणी मुरतं. माती तिथे बारा महिने फुगलेली. अशा मातीत कालवे कसे टिकवायचे यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काम केलं होतं. मधे न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा जाड थर द्यायचा, म्हणजे खालचं फुगणं वर पोचत नाही, हा त्याचा गाभा. आमच्या ओळखीच्या निवृत्त उपअभियंत्यांनी हे समजावून सांगितलं आणि एक प्रश्न विचारला, जो मला तीन महिन्यांत कोणत्याही विक्रेत्यानं विचारला नव्हता : “वर काय टाकायचं ते नंतर. खालचा स्लॅब अजून हलतोय का?” हलत होता. भेगेवर सिमेंटची चिमूट लावून तारीख लिहिली होती; चार महिन्यांत चिमूट तडकली. हलणाऱ्या स्लॅबवर लाखोंचं रबर टाकलं असतं तर दुसऱ्या पावसाळ्यात भेग रबरातून वर आली असती.

काय ठरवलं

समितीत मी म्हटलं, एक पृष्ठभाग सगळ्या खेळांना द्यायचा हट्ट सोडू. कबड्डीला दबणारी जमीन लागते. व्हॉलीबॉलला दबून चालेल पण थोडंच. बास्केटबॉलला चेंडू उसळायला हवा. मानकात काँक्रीटवर जितका उसळतो त्याच्या ९० टक्के तरी, आणि पाच सेंटिमीटरच्या गादीवर चेंडू मरतो. तिन्ही एकत्र केलं तर तिन्ही अर्धवट होतं. आप्पा रागावले. माजी विद्यार्थ्यांना कोर्टचा फोटो हवा होता, निळ्या-हिरव्या रंगाचा, वर शाळेचं नाव. तो आनंद मी समजू शकतो. दोन बैठका तणावात गेल्या. शेवटी ज्या मुलीचं मनगट मोडलं होतं तिच्या वडिलांना बोलावलं होतं, ते म्हणाले, “पोरेस्ले लागाले नको. बाकी काही बी करा.” त्यानंतर विरोध उरला नाही.

पैसे तीन ठिकाणी वाटले.

सर्वांत जास्त काम मातीत. कबड्डी नि खो-खोसाठी मैदानाचा एक भाग काढला, काळी माती मांडीएवढी खोल उकरून ट्रॅक्टरनं बाहेर नेली. खाली कठीण मुरूम थरांनी भरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला. वर वीतभर चाळलेली तांबूस माती, थोडी वाळू आणि सॉ मिलचा भुसा. कबड्डीच्या जुन्या नियमांत मैदान माती, खत आणि लाकडाच्या भुश्याचं, सपाट नि मऊ असावं असं सांगितलेलंच आहे. यातलं खत मात्र मी वगळलं. सोलटलेल्या गुडघ्यात शेणखत जाणं म्हणजे धनुर्वाताला बोलावणं. त्याच आठवड्यात आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना बोलावून दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना द्यायची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) लस कोणाची राहिली आहे ते तपासून घेतलं. बऱ्याच जणांची राहिली होती. मैदानाच्या खर्चात या गोष्टीला एक रुपया लागला नाही.

पावसाळ्यासाठी सभागृहात ईव्हीए मॅट. मोठ्या स्पर्धा आता बहुतेक मॅटवरच होतात, तेव्हा सवय हवीच. मुलींचं कबड्डी मैदान १२ बाय ८ मीटरचं. चहूबाजूंनी एक मीटर जास्त धरून १४ बाय १०, म्हणजे एक मीटर चौरसाच्या १४० टाइल्स. भिंतीपर्यंत अंतर कमी पडत होतं, म्हणून दोन बाजूंच्या भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत जुन्या गाद्या बांधल्या. माल घेताना एक नमुना टाइल दोघांच्या सह्या करून कपाटात ठेवली आणि आलेल्या मालातल्या दहा टाइल्स किराणा दुकानाच्या काट्यावर तोलल्या. जाडी बरोबर होती, वजन कमी भरलं. म्हणजे आत हवा जास्त, माल कमी. अशी मॅट सहा महिन्यांत चपटी होते. पुरवठादाराला फोटो पाठवले, माल परत गेला, दुसरा आला. सह्या केलेला नमुना नसता तर आमच्याकडे बोलायला जागा नव्हती.

काँक्रीट कोर्टवर रंग नाही, रबर नाही. टाकीचं सांडपाणी दूर वळवलं, वर आलेली कड घासून सपाट केली, भेगा लवचिक मसाल्यानं भरल्या. स्लॅब दोन पावसाळे स्थिर राहिला तर त्यावर खाली रबराचे थर असलेलं, फिक्या रंगाचं ॲक्रिलिक टाकायचं, व्हॉलीबॉलसाठी. तोपर्यंत तिथे कबड्डी नाही, हे फलकावर लिहून लावलं आहे, आणि उड्यांचा सराव मी दिवसाआड केला आहे. व्हॉलीबॉलच्या मुलींना यातून अजून पुरता न्याय मिळालेला नाही, हे मला टोचतं.

वर्षभरानंतर

माती हे सर्वांत चांगलं आणि सर्वांत मेहनतीचं उत्तर निघालं. आमचे शिपाई नाना पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, “सर, माटी रोज पानी मांगस. एक दिन चुकना का दगड व्हई जास.” गोळ्यानं ते खरं ठरवलं : पाणी मारून उकरलेल्या मातीत २८ मिलिमीटर, दिवाळीच्या सुटीनंतर तीच माती ७ मिलिमीटर. सुटीनंतरचे पहिले दोन दिवस आता खेळ नसतो, फावडं असतं. भुश्यामुळे एका कोपऱ्यात वाळवी लागली. तेवढा भाग उकरून भुसा काढावा लागला, पुढच्या भरणीत वाळू वाढवली. पहिल्या पावसात कडेनं माती वाहिली, म्हणून विटांची कड बांधली.

मॅटवर वेगळा धडा मिळाला. पावसाळ्यातल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घामाच्या थेंबावरून अनवाणी पाय असा सटकतो की सावरायला वेळ मिळत नाही. दोन मुली एकाच जागी घसरल्यावर नियम केला : दर दहा मिनिटांनी खेळ थांबवून दोघींनी कोरड्या फडक्यानं मधली पट्टी पुसायची. बाहेरच्या चपला दाराशी. धूळ बसलेली मॅट कोरडी असली तरी निसरडी होते, तेव्हा सरावाआधी ओला पोछा आणि मग कोरडा.

वहीत मनगटाची नोंद त्यानंतर झालेली नाही. सोलटण्याच्या आहेत, मातीवर थोड्या जास्तच. एका वर्षाच्या नोंदींवरून मोठं काही बोलू नये, म्हणून मी बोलत नाही.

मनगट मोडलेली मुलगी परत खेळायला आली ती जानेवारीत. पहिले काही दिवस पकड झाली की ती अंग सोडायची, पडायला तयारच नसायची. मग एका सकाळी नानांनी नुकतंच पाणी मारलं होतं, मी तिला एकटीला मातीवर नेलं आणि कुस्तीगीर शिकतात तसं पडायला शिकवलं : हनुवटी छातीला, हात मागे टेकवायचा नाही, पाठ गोल, जोर खांद्यावरून कंबरेकडे. पंधरा मिनिटं ती नुसती पडत राहिली. ते आता सगळ्या संघाच्या सरावाचं पहिलं अंग आहे.

या जूनमध्ये टाइल्सची जाडी पुन्हा मोजली. मध्यरेषेजवळच्या, जिथे सर्वांत जास्त पाय पडतात, त्या आठ टाइल्स दोन मिलिमीटर दबल्या आहेत. त्या आठ भिंतीकडे सरकवल्या, भिंतीकडच्या आठ मधे आणल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर मार्करनं तारीख लिहिली.